खोटा सांगावा

त्या रविवारी भिवराबाईने तोंडाला तांदळाचं पीठ फासून घेतलं, कोनाड्यातल्या आरशात पाहिलं आणि “अगं माय!” म्हणून स्वतःलाच दचकली. मग ती इतकी हसली की डोळ्यांतल्या पाण्याने गालांवर ओघळ पडले आणि बद्रीला सगळं पीठ पुन्हा लावावं लागलं.

“भिवरामाय, भुतानं हसायचं नसतंय.”

“कावून? मेल्यावर बी तोंड पाडूनच फिरायचं का?”

कालिंदा उंबऱ्यावर बसून आईचं हे सोंग पाहत होती. ती अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. महिन्यातल्या एखाद्या रविवारी आईला भेटायला गावी यायची. दिंद्रुडच्या पुढे, धरणाच्या काठावर गाव होतं. या उन्हाळ्यात मात्र काठाला काही अर्थ उरला नव्हता. पाणी इतकं मागे हटलं होतं की नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ आणि पांढरे शिंपले.

बद्रीनाथ गावातलाच, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तो एक भुताचा सिनेमा काढत होता. कॅमेरा तौफिकचा, तौफिक माजलगावात लग्नांचं शूटिंग करायचा. नायिका दिंद्रुडची दीक्षा, नर्सिंगची विद्यार्थिनी. कपडे ज्याचे त्याचे, दिवे नाहीतच आणि सगळ्यांचं जेवण भिवराबाईच्या चुलीवरचं. चार पोरं बंद पडलेल्या जॅकवेलवर मुक्कामाला येतात आणि डोक्यावर घागर घेतलेली एक बाई कोरड्या धरणातून त्यांच्याकडे चालत येत राहते, एवढीच गोष्ट. भाकरी वाढता वाढता भिवराबाईने ती ऐकली आणि म्हणाली, “चालायचंच हाय ना? मंग मी हाय की.” त्या दिवसापासून ती ‘जॅकवेलवाली’ झाली.

जॅकवेल म्हणजे गावाच्या उपसा सिंचन सोसायटीने धरणाच्या पाण्यात बांधलेली उंच, गोल, सिमेंटची विहीर. तिच्या माथ्यावर पंपाची खोली, आणि काठापासून त्या खोलीपर्यंत अरुंद पूल. कालिंदाचे वडील शहादेव तिथे ऑपरेटर होते. भिवराबाई रोज दुपारी त्यांची भाकरी घेऊन तो पूल ओलांडायची. पुढे सोसायटी बंद पडली, पंप काढून नेले, शहादेवही गेले. आता पाणी ओसरल्यावर ते सगळं बांधकाम गाळात उघडं उभं होतं. जे कधी कुणी पाहायचेच नव्हते ते तळाचे खांबसुद्धा दिसत होते.

शूटिंग भर दुपारी चाले. तौफिकने कालिंदाला समजावून सांगितलं, “दिवे नाहीत ना, ताई. मग ऐन उन्हात घ्यायचं आणि नंतर लॅपटॉपवर निळं करायचं. दिवसाची रात्र होते.”

कालिंदाची चुलती चंद्रभागाबाई भिवराबाईची धाकटी जाऊ. दोघी एकाच घरात राहायच्या. चंद्रभागाबाईला हे पटलं नव्हतं. “रातीला भूत दाखवा न्हाईतर काहीबी करा,” ती बद्रीला म्हणाली. “पर बाराच्या टायमाला असलं सोंग आणू नये. त्या टायमाला खरी बी हिंडत असत्यात.”

“मंग बरंच हाय की गं,” भिवराबाई म्हणाली. “मला सोबत.”

कालिंदा त्यांच्याबरोबर धरणात गेली. भिवराबाई पुलाच्या सावलीत, दूर, घागर घेऊन उभी राहिली. घागर तिने घरून भरून आणली होती. रिकाम्या घागरीनं चाल खरी दिसत नाही, असं तिचं म्हणणं. प्रत्येक वेळी निघायच्या आधी ती ओरडून विचारायची, “येऊ का?”

“या, माय, या!” बद्री म्हणायचा.

मग ती यायची. मान ताठ, नजर समोर, पांढऱ्या तोंडाने, गाळावरून, न थांबता. कालिंदाला ती चाल जन्मापासून माहीत होती. तरी त्या दुपारी तिच्या पाठीतून काहीतरी थंड सरकत गेलं. आपल्याकडे येणारी बाई आई आहे हे माहीत असून आपण दोन पावलं मागे का सरलो, हे तिला कळेना. तिने मान वळवून दुसरीकडे पाहिलं.

संध्याकाळी भिवराबाई तिला एसटीपर्यंत सोडायला आली. कानामागे पीठ तसंच राहिलं होतं.

“कशी केली मी अ‍ॅक्टिंग?”

“बरी.”

“नुसतं बरी? लई भ्यालीस तू. मी बघितलं तुला.”

आणि ती पुन्हा हसली.

सोमवारी दुपारी ग्रंथालयात फोन आला. चंद्रभागाबाईचा आवाज चिरकला होता. “कालिंदे, तुझी माय गेली गं...”

कालिंदाने टेबलाची कड धरली. खोली तिच्याभोवती लांब लांब जाऊ लागली. आणि तेवढ्यात फोनमधून, थोडा मागून, दुसरा आवाज आला. अगदी ओळखीचा.

“रडली का?”

कालिंदाने श्वास सोडला. वाचलेलं आणि लहानपणी ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. “काकू,” ती म्हणाली, “आईच्या डोक्यावर कावळा बसला का?”

चंद्रभागाबाईचं रडणं जागीच थांबलं. “तुला कसं कळलं गं?”

या दुष्काळात कावळे टँकरच्या तोटीला झोंबत होते. भिवराबाई भरली घागर घेऊन चालत असताना एक उतरला, घागरीच्या काठावर बसायला गेला, घसरला आणि त्याची नखं तिच्या डोक्याला लागली. कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं समजायचं. ते टाळायचं तर जवळच्यांना मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. ते रडले, की त्या रडण्याने मरण उतरतं. मग त्यांना खरं सांगायचं आणि गोड खाऊ घालायचं. गावात अजून असं करत.

भिवराबाईने फोन घेतला. “आत्याबाई रडल्या, परळीचा भाचा रडला. तू बी उगं जरासं रड की.”

“आई, मी कामात आहे. मला असलं नाही जमत.”

“पोटच्या लेकीचं लागतं गं. खोटं खोटं रड.”

“पुन्हा असला फोन करू नका. माझा जीव गेला असता.”

“बरं बाई,” भिवराबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मंग कवा येतीस?”

“बघते.”

मंगळवारी, साधारण त्याच सुमाराला, पुन्हा फोन वाजला.

“कालिंदे, तुझी माय गेली गं.”

कालिंदा मागच्या आवाजाची वाट पाहत राहिली. फोन कानावर घट्ट दाबून धरला. मागे वारा होता, कुणीतरी पोरगी हुंदके देत होती आणि दूर कावळे.

“आईला फोन द्या, काकू.”

चंद्रभागाबाईला बोलता येईना. मग बद्री आला. “ताई,” तो म्हणाला, “ह्या खेपेला खरं हाय.”

भिवराबाईला पुलाच्या सावलीत बसवलं होतं. “बसा माय, तुमचा सीन आला की बोलावतो,” असं सांगून पोरं पलीकडे गेली होती. बोलवायला आली तेव्हा ती खांबाला टेकून, डोळे उघडे ठेवून बसली होती. ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. शेजारी घागर काठोकाठ भरलेली. सीनचं पाणी म्हणून तिने त्यातला घोटही घेतला नव्हता.

कालिंदाने सगळं केलं. आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, कानामागचं पीठ ओल्या फडक्याने पुसलं. डोळ्यांत टिपूस आलं नाही. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. ती वाईट वागत होती असं नाही. तिच्या मनाला अजून पटलंच नव्हतं. कुणी शब्द काढला की तिला वाटे, आता पलीकडच्या खोलीतून आवाज येईल, रडली का? अंबाजोगाईला परतल्यावर कॉलेजात विचारपूस झाली. ती म्हणायची, “घरी अडचण होती.” आई गेली, हे दोन शब्द बाकी सगळे बोलत होते. तिने ते कधी उच्चारले नाहीत.

तेरावा उलटून गेला आणि एका सकाळी बद्री आणि तौफिक ग्रंथालयात येऊन उभे राहिले. दोघांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“ताई, काहीतरी दाखवायचंय,” तौफिक म्हणाला. “पण आधी बसा.”

त्याने लॅपटॉप उघडला. भिवराबाईचे थोडे सीन राहिले होते. पोरांनी दीक्षाला तसंच लुगडं नेसवून, पाठमोरी चालवून ते पुरे करायचं ठरवलं होतं. पडद्यावर दुपारची निळी रात्र झाली होती. दीक्षा घागर घेऊन पूल सोडून जात होती. तिच्या मागे, खांबाशी, कुणीतरी बसलं होतं.

“तिथं कोणी नव्हतं, ताई,” तौफिक हळू आवाजात म्हणाला. “मी कॅमेऱ्यावर होतो. डोळ्याला काही दिसत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशीचं शूटिंग. बसलेली आता उठली होती. त्यानंतरचं. डोक्यावर घागर होती. त्यानंतर ती पुलाच्या सावलीतून बाहेर आली होती, आणि तिचं तोंड दिसत होतं. तोंडाला पीठ नव्हतं. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जिथे बद्री उभा राहायचा, तिथे पाहत होती. तिचे ओठ हलत होते.

“आवाज आम्ही वेगळ्या मोबाइलवर घेतो,” बद्री म्हणाला. “ऐकता का?”

कालिंदाने मान हलवली. बद्रीने मोबाइल तिच्या कानाशी धरला. वारा. गाळावर पावलं. मग मोकळ्या आवाजात, जराशा उतावळेपणाने, “येऊ का?”

आणि लगेच, अगदी जवळून, एका पोरीचा आवाज. “या.”

“ही दीक्षा,” बद्री म्हणाला. “तिला कानात ऐकू आलं, ताई. कोण बोलतंय ते बघायच्या आधीच तोंडातून गेलं. दारात कुणी ‘येऊ का’ म्हणलं की आपण ‘या’च म्हणतो की.” त्याने ओठ चावले. “तवापासून ती पाणी पितीय. लई पितीय. हांडेच्या हांडे. पण तहान जात न्हाई.”

तिघांनी दिंद्रुडची बस धरली. खिडकीबाहेर करपलेला ऊस, चारा छावणीचं हिरवं जाळीदार छत, त्याखाली बांधलेली जनावरं. कालिंदाने आजवर भुतांच्या गोष्टी पुष्कळ वाचल्या होत्या आणि त्या कशा रचतात हेही तिला ठाऊक होतं. त्या माहितीचा आता काडीइतका आधार वाटत नव्हता. एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता: आईच्या आवाजात भूत झाल्याची काही खूणच नव्हती. ती फक्त विचारत होती.

दीक्षाचं घर दिंद्रुडला, बाजारापासून आत एका बोळात. घरात अंधार करून ठेवला होता. पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ फाटून त्यांवर पांढरी साल आली होती, आणि हातातला तांब्या ती खाली ठेवत नव्हती. चंद्रभागाबाई आधीच येऊन तिच्याजवळ बसली होती.

“दवाखान्यात सलाईन लावलं,” दीक्षाची आई म्हणाली. “समदे रिपोर्ट बरे हायत म्हणत्यात. मंग पोरगी वाळती कशी?”

दीक्षाने कालिंदाकडे पाहिलं आणि तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. “ताई, त्या रोज दुपारी येतात,” ती म्हणाली. घसा कोरड्या पाचोळ्यासारखा वाजत होता. “आधी वेशीपाशी होत्या. मग बाजारात. काल बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. आज दारात येतील. रागावलेल्या नाहीत ओ. नुसतं विचारतात, माझा सीन कवा हाय? लई तहान लागलीय त्यांना. मी त्यांच्या वाटचं पितेय, पण त्यांना पोचत नाही.”

तिने तांब्या तोंडाला लावला आणि पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात वाहत राहिलं.

चंद्रभागाबाईने कालिंदाला कोपऱ्यात नेलं. जाऊ गेल्यापासून ती एकदम म्हातारी झाली होती. “तिला ठावंच न्हाई, कालिंदे,” ती कुजबुजली. “आपुन तिच्या तोंडावर म्हणलो, तू मेलीस. समदे हसलो. तिला वाटतंय, त्योच खोटा सांगावा अजून चालू हाय. समद्यांनी रडून दाखवलं, तुझं तेवढं राहिलं. तवा तुझी वाट बघतीय, आणि सीनची बी. कुणी उठ म्हणलं न्हाई तिला.”

“मग तुम्ही सांगा ना तिला.”

“मी? रोज सांगतीय गं. दारात बसून ओरडले. माझा इस्वासच न्हाई तिला. मीच तर खोटा फोन केलता.” तिने कालिंदाचं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. “तू कधी खोटं बोलली न्हाईस तिच्यासंगं. रडायचं नाटक बी केलं न्हाईस. तुझंच खरं वाटंल तिला.”

आपण आईला जे दिलं नाही तेच आता आपलं वजन झालं आहे, हे कालिंदाला उमगलं.

बाहेर ऊन चढत गेलं. बोळातली कुत्री आडोशाला निघून गेली. तौफिकने कॅमेरा स्टँडवर लावून दाराकडे वळवला, कारण दीक्षाखेरीज कुणाला ती नुसत्या डोळ्यांनी दिसायची नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूचा लहान पडदा उघडून ठेवला. दार सताड उघडं होतं. त्यातून पांढराफटक उजेड आत आला होता आणि जमिनीवर चौकोन होऊन पडला होता.

कालिंदा दारासमोर, दीक्षाच्या पुढे जाऊन बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. पोरीच्या आणि दाराच्या मधे कुणीतरी असावं असं तिला वाटलं.

कावळे ओरडायचे थांबले.

“बोळात आहेत,” तौफिक म्हणाला. त्याचा आवाज जेमतेम फुटत होता. “चालत येतायत.”

कालिंदाने डोळ्यांनी पाहिलं. बोळ रिकामा होता. तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. निळं काही केलेलं नव्हतं. भरदिवसाचं ऊन होतं, आणि त्या उन्हातून मान ताठ ठेवून, घागरीला एक हात लावून आई येत होती. तीच चाल. चालताना डावा खांदा किंचित वर. पायांत चपला नव्हत्या, आणि तापलेल्या फरशीवर ती चटके लागल्यासारखी पाऊल उचलत नव्हती, एवढाच काय तो फरक.

“दारापाशी.” तौफिक कॅमेऱ्यापासून मागे सरकला. बद्रीने त्याला धरलं.

दीक्षा मागे उठून उभी राहू लागली होती. तिच्या आईने आणि चंद्रभागाबाईने तिला दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं. ती ओरडली नाही. नुसती तोंड उघडझाप करत होती, मासळीसारखी.

उंबऱ्याच्या दगडावर पाण्याचा एक थेंब पडला. कालिंदाने तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला. पसरला, काळा डाग झाला, वाळून गेला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

आणि आता कुठल्या मोबाइलवरून नव्हे, समोरच्या रिकाम्या उजेडातून, वीतभर अंतरावरून आवाज आला.

“येऊ का?”

कालिंदाच्या जिभेवर उत्तर आधीच आलं होतं. ये. ये आई, बस, पाणी पी. भीती होतीच. पण भीतीपेक्षा ते मोठं होतं. एका शब्दाने ती आत आली असती. रोज दुपारी आली असती. पाठीमागे पोरगी घसा खरवडत श्वास ओढत होती, आणि तरीसुद्धा तो शब्द कालिंदाच्या ओठांपर्यंत आला होता.

“येऊ का गं, कालिंदे?” आवाज म्हणाला. “सांगावा पोचला का तुला?”

कालिंदाने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. समोर काहीच नव्हतं, नुसता उजेड. त्या उजेडात, आईचं तोंड असायला हवं होतं तिथे तिने पाहिलं.

“पोचला,” ती म्हणाली. “सोमवारचा खोटा होता. मंगळवारचा खरा.”

उंबऱ्यावर तिसरा थेंब पडला.

“सीन संपला सगळा. तुला कुणी बोलवणार नाही आता. नको येऊस.” तिचा आवाज फुटला. आईला बाकी सगळ्यांकडून ऐकायला मिळालेलं ते रडणं तिच्या छातीतून वर आलं, आणि ते खोटं नव्हतं. तरी ती थांबली नाही. आईला नीट ऐकू जावं म्हणून तिने आवाज चढवला.

“आई, तू मेलीस. आई... तू मेलीस गं.”